एका क्लिकला दोन क्लिक: नवा माउस घेण्याआधी एवढं तपासा

फाइल निवडायला गेलं की उघडतेच. फोल्डर ओढताना मध्येच सुटतो. बिलातला आकडा आपोआप बदलतो. तिन्ही तक्रारींत दोष माउसवर येतो, पण तिसरीत त्याचा काहीच गुन्हा नसतो.

आधी फाइलच्या नावाखाली रेघ उमटते का पाहा. उमटत असेल, तर फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘सिंगल-क्लिक टु ओपन’ चालू झालेलं आहे. ते बदललं की काम झालं.

रेघ नसेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, माउस, आणि तिथून ॲडिशनल माउस सेटिंग्ज उघडा. ‘बटन्स’ या पानावर डबल-क्लिक स्पीडशेजारी एक छोटा पिवळा फोल्डर दिसेल. त्यावर सावकाश, दोन-दोन सेकंद थांबून वीस वेळा क्लिक करा. तो एकदा जरी उघडला तरी क्लिक दुहेरी जातंय. मग त्याच पानावर डावं-उजवं बटण अदलाबदल करून उजव्या बटणाने हीच चाचणी घ्या. उजव्याने फोल्डर गप्प राहिला, तर दोष डाव्या बटणाखालच्या मायक्रोस्विचचा.

या स्विचमध्ये धातूची पातळ लवचिक पट्टी असते. बटण दाबलं की ती संपर्कबिंदूवर आदळून क्षणभर थरथरते. ही थरथर काही मिलिसेकंदांची असते, आणि तेवढी सोडून द्यायचं माउसमधल्या चिपला शिकवलेलं असतं. पट्टीचा ताण गेला किंवा संपर्कबिंदू खराब झाला की थरथर लांबते आणि चिप तिला दुसरं क्लिक समजते. ओढताना फोल्डर सुटतो तोही याच कारणाने: संपर्क पळभर तुटला की विंडोजला वाटतं, बोट उचललं.

स्पीडचा काटा ‘फास्ट’कडे सरकवा, असा सल्ला सर्रास मिळतो. उपयोग नाही. विंडोज मुळात ५०० मिलिसेकंदांच्या आत आलेली दोन क्लिक डबल-क्लिक धरतं. थरथरीतलं अंतर त्याहून कितीतरी कमी असतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवाराही बहुतेकदा तात्पुरताच.

खरा उपाय म्हणजे स्विच बदलणे. त्याचे तीन पाय डिसोल्डर करून (म्हणजे सोल्डर वितळवून सोडवून) त्याच मापाचा नवा बसवायचा. स्क्रू अनेकदा तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपलेले असतात, त्यामुळे कवच जोर लावून उचकटू नका. सोल्डरिंग येत असेल तर सुट्या स्विचसाठी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत चौकशी करा. मात्र साध्या माउसवर हा खटाटोप करू नये, नवा घ्यावा.

आता बिलाचं. ड्रॉपडाउनमधून जीएसटी १८ टक्के निवडला आणि लगेच पान खाली न्यायला चाक फिरवलं, की काही सॉफ्टवेअरमध्ये पान हलत नाही, १८ चे ५ होतात. कारण ती चौकट अजून निवडलेलीच असते. निवड झाली की टॅब दाबायचा, मगच चाक.

फोल्डर ‘गायब’ झाला तर कंट्रोल-झेड, आणि तेही दुसरं काही करण्याआधी. दाबलेलं बटण जेमतेम चार-पाच पिक्सेल सरकलं तरी ओढणं सुरू होतं, आणि एकाच ड्राइव्हवर ओढलं की कॉपी होत नाही, फोल्डर हलतो. बहुधा तो शेजारच्याच फोल्डरात सापडतो.

वायरलेस माउस दुरुस्तीला आणताना त्याचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचलेला छोटा रिसीव्हर, सीपीयूलाच राहतो. तो सोबत आणा.