रुग्णालयातील लिफ्ट आणि आग : ‘वापरू नये’ या पाटीमागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क या भागांतल्या चार-पाच मजली रुग्णालयात शिरले की लिफ्टच्या दाराशेजारी पाटी दिसते : ‘आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये, जिन्याचा वापर करावा.’ चालत्या-फिरत्या माणसासाठी ही सूचना योग्यच आहे. पण चौथ्या मजल्यावर व्हेंटिलेटरवर असलेला रुग्ण त्याच लिफ्टने वर गेलेला असतो. त्याला जिन्याने कसे उतरवायचे, याबद्दल पाटी काही सांगत नाही, कारण ती मुळात रुग्णालयासाठी लिहिलेलीच नव्हती. ती ऑफिसच्या उंच इमारतींतून आली आणि नियमांच्या पुस्तकांमार्गे सगळीकडे चिकटली.

तिच्या मागे परदेशातल्या काही आगी आहेत. ऑगस्ट १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या एका पन्नास मजली ऑफिस इमारतीत बोटाच्या उष्णतेवर चालणारी लिफ्टची बटणे आगीच्या धगीने आपोआप लागली, लिफ्ट नेमकी पेटलेल्या मजल्यावर जाऊन थांबली आणि आतले दोघे दगावले. नोव्हेंबर १९८० मध्ये लास वेगासच्या एका हॉटेलात आग खालच्या मजल्यावर होती, पण धूर लिफ्टच्या शाफ्टमधून, म्हणजे लिफ्ट वर-खाली जाते त्या पोकळीतून, आणि जिन्यांतून वर चढला. मृत ८५ जणांपैकी बहुतेक वरच्या मजल्यांवरचे होते. याच्या उलट १९७४ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोत लिफ्ट चालवणाऱ्यांनी पहिल्या काही मिनिटांत फेऱ्या मारून शेकडो माणसे खाली आणली. या आगीतल्या मृतांचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला, लिफ्टने वाचलेल्यांचा मागे पडला.

पुढे अमेरिकेत दोन टप्प्यांची पद्धत रुळली. धुराचा सेन्सर लागला की सगळ्या लिफ्ट आपोआप तळमजल्यावर येऊन दारे उघडून थांबतात. नंतर अग्निशमनचा जवान किल्ली फिरवून त्यांतली एक स्वतः चालवतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने १९८० च्या दशकात वेगळी वाट धरली. रुग्णाला खाटेसकट खाली नेणारी, दोन वेगळ्या वीजपुरवठ्यांवर चालणारी आणि धूर न शिरणाऱ्या लॉबीतूनच उघडणारी लिफ्ट त्यांनी रुग्णालयांसाठी मान्य केली. ती चालवायची जबाबदारी रुग्णालयाच्या प्रशिक्षित माणसांवर टाकली. मात्र तिथेही लिफ्ट हा पहिला उपाय नाही. रुग्ण आधी त्याच मजल्यावर, आगरोधक भिंत आणि दारापलीकडच्या कप्प्यात सरकवायचे आणि तो कप्पाही धोक्यात आला तरच खाली न्यायचे, असा क्रम आहे.

आपल्याकडे लिफ्टचा कायदा जुना आहे. १९३९ च्या मुंबई लिफ्ट अधिनियमावर जवळपास आठ दशके काम चालले आणि त्याच्या जागी २०१७ चा अधिनियम आला. आगीचा कायदा २००६ चा, तो लागू झाला डिसेंबर २००८ मध्ये आणि त्याचे नियम २००९ चे. म्हणजे लिफ्टचे लायसन्स एका खात्याकडे आणि आगीचा ना-हरकत दाखला दुसऱ्याकडे. लिफ्ट निरीक्षक दोर, ब्रेक, गव्हर्नर (वेग मर्यादेबाहेर गेला तर लिफ्ट रोखणारे उपकरण), दारांचे इंटरलॉक (दार नीट मिटल्याशिवाय लिफ्ट हलू न देणारे कुलूप) तपासतो. आगीची तपासणी करणारा हायड्रंट (आग विझवण्याच्या पाण्याचा नळ), पंप, अलार्म पाहतो. आगीच्या वेळी लिफ्ट, तिची लॉबी आणि जनरेटर एकत्र कसे वागतात, हे पाहणे दोघांच्याही कामात नीट बसत नाही. पुढचा बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीने ‘फायर लिफ्ट’ची मोजमापे स्पष्ट दिली : १५ मीटर आणि त्याहून उंच इमारतीत दर १२०० चौरस मीटरमागे एक, आतले क्षेत्र किमान १.४ चौरस मीटर, क्षमता ५४५ किलो म्हणजे आठ माणसे, दार किमान ०.८ मीटर रुंद आणि आपोआप बंद होणारे, तळमजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत एका मिनिटात पोहोचण्याइतका वेग. प्रवेशाच्या मजल्यावर काचेच्या पेटीत स्विच. तो टाकला की बाहेरची सगळी बटणे मुकी होतात आणि लिफ्ट फक्त आतून चालते. हे सगळे जवानाला वर पोहोचवण्यासाठी आहे आणि त्या कामासाठी ते पुरेसेही आहे.

रुग्णालयाची गरज मात्र रुग्णाला खाली आणण्याची असते. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये आडवा स्ट्रेचर मावत नाही. भारतीय मानकातली सगळ्यात लहान बेड लिफ्ट १५ माणसांची, १०२० किलोची, आतून एक मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल. तिच्या वरची २० माणसांची, १३६० किलोची. तिची रुंदी १.३ मीटर आणि दार १.२ मीटर. खाटेसोबत अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबणारी सिस्टर, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि इन्फ्युजन पंप न्यायचे तर ही दुसरी लिफ्टच कामाची. पहिलीत स्ट्रेचर कसाबसा जातो, पण माणसाला रुग्णाच्या डोक्याशी उभे राहायला जागा उरत नाही.

यातून जी रचना जन्माला आली ती शहरातल्या बऱ्याच मध्यम रुग्णालयांत आजही आहे. दोन लिफ्ट असतात. लहान लिफ्टवर ‘फायर लिफ्ट’ असे चमकत्या रंगात लिहिलेले, तिला स्विच, तिला वेगळी केबल. दाखला तिच्या जोरावर मिळतो. मोठी बेड लिफ्ट मागच्या बाजूला, साध्या पॅसेजमध्ये उघडणारी, लॉबी नाही, धुराचे दार नाही, पुरवठा नेहमीच्याच पॅनेलवरून. आगीत चालणाऱ्या लिफ्टमध्ये रुग्ण मावत नाही आणि रुग्ण मावतो ती लिफ्ट आगीत चालण्यासारखी नसते. संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीने दारांची आगीत टिकण्याची मुदत वाढवली, पण किमान क्षमता आठ माणसांचीच ठेवली. रुग्णालयापुरती तरी फायर लिफ्ट बेड लिफ्टच असली पाहिजे, अशी सक्ती तेव्हाच करायला हवी होती. नव्या बांधकामात जास्तीचा शाफ्ट लागतच नाही. आहे तीच मोठी लिफ्ट लॉबीत घ्यायची, एवढाच फरक.

वादाचा खरा मुद्दा त्या काचेच्या पेटीतल्या स्विचचा आहे. जवान येण्याआधी तो कोणी टाकायचा? संहितेत फायर लिफ्ट आणीबाणीत केवळ अग्निशमन दलासाठी राखीव. दलाच्या बाजूने याला ठोस कारणे आहेत. लिफ्ट वर अडकली तर जवानांना होज (पाण्याची नळी) आणि श्वसनयंत्र घेऊन जिना चढावा लागतो. रुग्णालयातला कर्मचारी सतत बदलतो. आज शिकवलेला वॉर्डबॉय सहा महिन्यांनी तिथे नसतो. घाबरलेला माणूस पेटलेल्या मजल्याचे बटण दाबतो आणि समोर दार उघडते.

रुग्णालयाच्या बाजूचे म्हणणेही तितकेच खरे आहे. गाडी दारात येऊन होज जोडेपर्यंतचा जो वेळ असतो, तो धुराचा सगळ्यात वाईट वेळ. त्या वेळात आयसीयूतली सिस्टर, आरएमओ (निवासी डॉक्टर), दोन मामा आणि एक मावशी (वॉर्डातले मदतनीस) एवढीच माणसे मजल्यावर असतात. एका परावलंबी रुग्णाला चादरीत घालून जिन्याने उतरवायला चार जण लागतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला आणखी एक अंबू बॅगेवर. जिना दोन मीटरचा नसेल तर वळणावर गादी अडते. पाच माणसांच्या रात्रपाळीत दुसऱ्या रुग्णाला हात लावायला कोणी शिल्लक राहत नाही.

स्विच प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या हाती असावा, पण काही अटींवर, हा मार्ग जास्त सुरक्षित आहे. लिफ्ट लॉबीत उघडत असेल आणि लॉबीचे दार आपोआप मिटत असेल तरच. प्रत्येक पाळीत दोन नावे ठरलेली, एक लिफ्टमध्ये आणि एक तळमजल्यावर, दोघांत वॉकी-टॉकी किंवा इंटरकॉम. पेटलेल्या मजल्यावर थेट जायचे नाही. एक-दोन मजले खाली थांबून शाफ्टमध्ये धूर आहे का ते पाहायचे. दलाची गाडी आली की लिफ्ट तळमजल्यावर आणून तिचा ताबा जवानाकडे द्यायचा. या अटी लेखी नसतील तर ‘वापरू नये’ हीच पाटी बरी.

लिफ्टकडून अपेक्षाही बेताची हवी. चौथ्या मजल्यावरून खाट आत घेणे, उतरणे, बाहेर काढणे, रिकामी लिफ्ट वर नेणे याला अडीच-तीन मिनिटे सहज जातात. बारा खाटांचा आयसीयू एका लिफ्टने रिकामा करायला अर्धा तास ते ३६ मिनिटे. तेवढा वेळ धूर थांबत नाही. म्हणून त्याच मजल्यावर पलीकडचा कप्पा लागतोच.

गेल्या पंधरा वर्षांतल्या घटनांनी हा प्रश्न पुढे आणला. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्याच्या एका खासगी रुग्णालयात तळघरातली आग तळघरातच राहिली, धूर मात्र वर गेला आणि सुमारे नव्वद जण गुदमरून गेले. २०२१ हे वर्ष महाराष्ट्राला फार जड गेले : जानेवारीत भंडाऱ्यात दहा नवजात बालके, मार्चमध्ये भांडुपला मॉलच्या वरच्या मजल्यावरचे रुग्णालय, एप्रिलमध्ये विरारचा दुसऱ्या मजल्यावरचा आयसीयू, नोव्हेंबरमध्ये अहमदनगर. भांडुपची घटना कोल्हापूरसाठी जास्त महत्त्वाची, कारण खाली दुकाने आणि वर नर्सिंग होम ही रचना इथेही गल्लोगल्ली आहे. खालच्या गाळ्यातल्या मालाचा धूर वर चढायला तीच सामाईक लिफ्ट धुरांड्याचे काम करते, आणि जुन्या लिफ्टला जाळीचे दार असेल तर त्याला काहीच आडकाठी नसते. त्याआधी, सप्टेंबर २०२० मध्ये, कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयाच्या ट्रॉमा विभागातल्या आयसीयूत पहाटे आग लागली आणि कोविडच्या ऐन लाटेत रुग्ण दुसऱ्या विभागांत हलवावे लागले. सीपीआरचा आवार पसरलेला आहे, आडवे सरकायला जागा आहे. ताराबाई पार्कातल्या एका प्लॉटवर उभ्या राहिलेल्या पाच मजली इमारतीला ती सोय नाही.

या घटनांनंतर फायर ऑडिट झाले, होत राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्यावर शहरात पुन्हा हाच विषय निघाला. ऑडिटमध्ये सिलिंडरच्या तारखा आणि हायड्रंटचा दाब नोंदला जातो. लिफ्टपुढे बहुधा ‘आहे’ एवढीच नोंद होते.

प्रत्यक्षात बिघडते ते बारीक गोष्टींत. एआरडी, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारे उपकरण, आगीसाठीच असते असा समज आहे. ते फक्त जवळचा मजला ओळखते, पेटलेला ओळखत नाही. वीज जाते आणि जनरेटर भार घेतो या मधल्या काही सेकंदांत एआरडी जागे होऊन लिफ्ट भलत्या मजल्यावर उघडू शकते. म्हणून फायर स्विच टाकला की एआरडी गप्प बसेल अशी जोडणी पॅनेलमध्ये करून घ्यावी लागते. दुसरी चूक माणसाची : धूर दिसला की सिक्युरिटीवाला धावत जाऊन मेन स्विच पाडतो. लिफ्टचा पुरवठा त्याच मेनच्या पुढून घेतला असेल तर रुग्णासकट लिफ्ट मधे लटकते. लिफ्टची केबल मेनच्या आधी, वेगळ्या स्विचवर आणि आगीत टिकणारी हवी. त्या स्विचवर ‘आगीत बंद करू नये’ असे मराठीत लिहिलेले हवे.

दाराच्या कडेचा लाइट कर्टन (दारात कोणी आहे का ते ओळखणारा प्रकाशकिरणांचा सेन्सर) धुराला अडथळा समजतो आणि दार मिटूच देत नाही. फायर मोडमध्ये तो बाद झाला पाहिजे आणि दार बटण दाबून धरल्यावरच हलले पाहिजे. होजचे पाणी उंबऱ्यावरून शाफ्टमध्ये गेले की दाराच्या इंटरलॉकमध्ये शिरते आणि सेफ्टी सर्किट तुटून लिफ्ट जागीच थांबते. लॉबीच्या फरशीला लिफ्टपासून उलट दिशेने हलका उतार आणि एक जाळी एवढ्यावर हे टळते. शाहूपुरी, नागाळा पार्क, रमणमळा या भागांत तर पाण्याचा धोका आगीशिवायही आहे : २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी जिथे आले, तिथे लिफ्टचा पिट, म्हणजे शाफ्टच्या तळाचा सुमारे दीड मीटर खोल खड्डा, सगळ्यात आधी भरतो, आणि बफर (तळाचा धक्का झेलणारा भाग), लिमिट स्विच (लिफ्टला टोकाला थांबवणारा), गव्हर्नरची ताणपुली गाळात जातात. पूर ओसरल्यावर लिफ्ट चालते म्हणून पिट उघडून पाहिला जात नाही. गंजलेला लिमिट स्विच पुढे कधीतरी, नको त्या वेळी दगा देतो.

लेव्हलिंगचेही तसेच. लिफ्ट मजल्यापेक्षा दोन सेंटिमीटर खाली थांबली तर चालणाऱ्याला कळतही नाही, पण खाटेची पुढची लहान चाके उंबऱ्याच्या फटीत आडवी होऊन बसतात, आणि मग तीन जणांना खाट उचलावी लागते, रुग्णाच्या नळ्या सांभाळत.

आगीच्या कायद्याखालचा ‘बी’ फॉर्म, म्हणजे आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलैत भरायचा असतो. त्याच दिवशी लिफ्टची पुढील चाचणी करता येते आणि तिला अर्धा तासही लागत नाही. बेड लिफ्ट वरच्या मजल्यावर उभी करायची, तळमजल्यावरचा स्विच टाकायचा, ती मधे न थांबता खाली येते का आणि बाहेरची बटणे मुकी होतात का ते पाहायचे. मग रिकाम्या खाटेवर वाळूच्या पिशव्या बांधून, अंबू बॅग आणि ऑक्सिजनचा लहान बी टाइप सिलिंडर सोबत घेऊन रात्रपाळीच्या माणसांकडून एक फेरी मारून घ्यायची. फेरी सुरू असताना बाहेरून येणारी वीज तोडायची, जनरेटर लिफ्टचा भार घेईपर्यंत एआरडी काय करते ते पाहायचे, आणि घड्याळातली वेळ रजिस्टरमध्ये लिहायची. पेटीची काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, पेटीसमोर ओपीडीचा बोर्ड किंवा व्हीलचेअर उभी केलेली नाही ना, हेही त्याच फेरीत दिसून येते.