भक्ती अपुपांचीही होती

'लाखो भाविकांनी दर्शन घेतले' हे वाक्य यात्रेच्या बातमीत ठरलेलं असतं. बस उलटली तरी ती 'भाविकांची बस'च. आतल्या प्रवाशांच्या मनात भाव किती होता, हे बातमीदाराला कुठून कळणार? पण हा शब्द आता मोजदादीचा झाला आहे. हिंदी बातमीत त्याच जागी 'श्रद्धालु' येतो.

'भक्ती' मात्र फार लांबून आलेली आहे. मूळ धातू 'भज्', म्हणजे वाटून घेणं, वाटा मिळणं. भाग, विभक्त, व्याकरणातली विभक्ती ही सगळी त्याचीच भावंडं. संस्कृतात 'भक्त' म्हणजे शिजवलेला तांदूळसुद्धा, आणि आपला 'भात' त्यातूनच आला. पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'भक्तिः' असं एक सूत्रच आहे (४.३.९५). त्याच्या पुढच्या सूत्राला 'काशिका' या अष्टाध्यायीवरच्या जुन्या टीकेने दिलेलं उदाहरण गमतीचं आहे: ज्याची अपुपांवर, म्हणजे पिठाच्या गोड पदार्थावर भक्ती, तो 'आपूपिक'. दोनच सूत्रं पुढे वासुदेव आणि अर्जुन यांचे भक्त येतात. खाऊची आवड आणि देवाची ओढ, दोन्हींना एकच शब्द. त्यात कुणाला काही खटकलेलं दिसत नाही.

'श्रद्धा' ऋग्वेदात स्वतःच देवता आहे, दहाव्या मंडलात तिचं वेगळं सूक्त आहे. 'श्राद्ध' हा शब्दही तिच्यापासूनच झाला.

'कर्मठ'ची मात्र मराठीत पार उलथापालथ झाली. संस्कृतात कर्मठ म्हणजे कामात तरबेज. हिंदीत आजही 'कर्मठ कार्यकर्ता' ही शाबासकी असते. मराठीत तीच शाबासकी दिली तर समोरचा हिरमुसेल, कारण आपल्याकडे कर्मठ म्हणजे सोवळ्याओवळ्यात अडकलेला. पूजा तीच, माणूसही तोच; आपल्याला आवडला तर भाविक, कीव आली तर देवभोळा, जाच झाला तर कर्मठ.

उलटा प्रवास 'इमान'चा. अरबीत ईमान म्हणजे ईश्वरावरचा विश्वास. फारसीमार्गे मराठीत येताना देव मागेच राहिला आणि उरला तो प्रामाणिकपणा. म्हणून तर आपण कुत्र्यालाही इमानी म्हणतो.

'अंधश्रद्धा' घरोघरी पोचली ती चळवळीमुळे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना १९८९ची. पण कुणाची श्रद्धा आंधळी हे ठरवायचं कुणी, या वादाने शब्द अवघड करून ठेवला. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव लांबलचक आहे. त्यात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे. 'अंधश्रद्धा' नाही.