हापशांची आर्सेनिक तपासणी (बंगाल)

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक ओळखण्यासाठी केली जाणारी तपासणी. आर्सेनिक खरे तर उपधातू, म्हणजे धातू आणि अधातू यांच्या मधला. पण पाणी तपासणीत त्याची गणना शिसे, पारा, कॅडमियम या जड धातूंबरोबरच होते.

तळ्यांच्या पाण्यातून होणारी हगवण आणि पटकी टळावी म्हणून १९७० च्या दशकापासून बांगलादेशात युनिसेफच्या मदतीने उथळ हापसे बसवले गेले. पुढे लोकांनी स्वतःच्या खर्चाने लाखो हापसे टाकले. जंतूंचा प्रश्न बराचसा सुटला. गाळातले नैसर्गिक आर्सेनिक पाण्यात उतरत असेल, ही शंका मात्र कोणाला आली नाही. त्याला रंग, वास, चव काहीच नसते. १९८३ मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी रुग्णांच्या त्वचेवरील डागांवरून ही विषबाधा ओळखली. बांगलादेशात १९९३ मध्ये तिची खात्री पटली. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथले पाणी तपासले होते, पण आर्सेनिकसाठी नव्हे. त्यावरून खटला झाला. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (ब्रिटनचे तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ) संस्थेला दायित्वातून मुक्त केले. तपासणीत जे शोधावे तेवढेच सापडते, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

गावात तपासणी संचाने होते. बाटलीतल्या पाण्यात आम्ल आणि जस्ताची पूड टाकली की आर्सेनिकाचा आर्सिन वायू सुटतो. झाकणाखाली लावलेली मर्क्युरिक ब्रोमाइडची कागदी पट्टी त्याने पिवळी, मग तपकिरी होते, आणि तो रंग तक्त्याशी ताडून पाहतात. आर्सिन स्वतःच जहाल विषारी असल्याने हे काम मोकळ्या हवेत करावे लागते. सुरुवातीचे संच सुरक्षित मर्यादेच्या आसपास अनेकदा चुकत. निर्णायक आकडा प्रयोगशाळेतच मिळतो. तिकडे पाठवायच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालतात, नाहीतर धातू बाटलीला चिकटतात किंवा तळाशी बसतात.

शेजारशेजारच्या दोन हापशांतही मोठा फरक निघतो, म्हणून प्रत्येक हापसा वेगळा तपासावा लागतो. सुरक्षित हापशाच्या तोंडाला हिरवा रंग, दूषिताच्या तोंडाला लाल. बांगलादेशात मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम, भारतीय मानकात १०. म्हणजे ३० मायक्रोग्रॅमचे पाणी सीमेच्या एका बाजूला हिरवे, दुसऱ्या बाजूला लाल.

घरगुती टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण दाखवणारे यंत्र) इथे निरुपयोगी आहे: त्याचा एक अंक लिटरमागे १,००० मायक्रोग्रॅमचा. पाणी उकळूनही आर्सेनिक जात नाही.