रिक्त जागेवर आलेला आणि स्वीकृत म्हणून आलेला

मुदत अर्धी झालेली असताना कार्यकारिणीतलं कुणी मुलाकडे पुण्याला राहायला जातं, कुणी प्रकृतीमुळे राजीनामा देतं, कुणाचं निधन होतं. इंदूरमधल्या आपल्या मराठी संस्थांना हे नवीन नाही. पुढच्या बैठकीत एकजण सुचवतो, "अमक्यांना स्वीकृत म्हणून घेऊन टाका." बाकीचे मान डोलावतात आणि इतिवृत्तात एक ओळ लिहिली जाते. माझ्या मते संस्थेतल्या पुढच्या अनेक भांडणांचं मूळ त्या ओळीत असतं, कारण रिक्त जागा भरणं आणि स्वीकृत सदस्य घेणं ही दोन निराळी कामं आहेत.

रिक्त जागा ही सभासदांनी मत देऊन भरलेली जागा असते. तिच्यावर बसलेली व्यक्ती गेली तरी जागा सभासदांचीच राहते. नियमावलीने अधिकार दिला असेल तर कार्यकारिणी ती भरते, नाहीतर आमसभा भरते. जो येतो त्याला पूर्ण मत असतं, गणसंख्येत, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीत, त्याची गणती होते आणि गेलेल्याची जेवढी मुदत उरली असेल तेवढीच त्याला मिळते. 3 वर्षांची मुदत असलेल्या कार्यकारिणीतून कुणी दीड वर्षाने गेलं, तर नव्या माणसाला उरलेलं दीड वर्ष. "मी आत्ताच तर आलो, माझी 3 वर्षं व्हायची आहेत" हा दावा टिकत नाही.

स्वीकृत सदस्याच्या बाबतीत कुणी गेलेलं नसतं. हिशेब जाणणारा, वकील किंवा इमारतीच्या कामातला जाणकार हवा म्हणून कार्यकारिणी त्याला आपल्या निवडीने बोलावते. अशा किती जागा, किती काळासाठी आणि मतासह की मताविना, हे नियमावलीत लिहिलेलं असावं लागतं. तशी तरतूद नसेल तर त्याला सल्लागार म्हणून खुशाल बोलवा, पण मतदानात धरू नका. इंदूरकरांना महापालिकेतले एल्डरमन, म्हणजे निवडून न येता नेमलेले सदस्य, माहीत आहेत. ते सभेत बसतात, बोलतात, पण राज्यघटनेच्या अनुच्छेद 243-आर प्रमाणे अशा नामनिर्देशितांना महापालिकेच्या सभेत मताचा अधिकार नाही. संस्थांसाठी असा सरसकट नियम नाही, म्हणून तर आपापली नियमावली उघडून बघायची.

हाच फरक कंपनी कायदा, 2013 च्या कलम 161 मध्ये स्वच्छ मांडलेला आहे. मध्येच रिकाम्या झालेल्या जागेवर नेमलेला संचालक मूळ संचालकाच्या मुदतीपर्यंत राहतो आणि लगेच येणाऱ्या सर्वसाधारण सभेत सभासदांची मान्यता घ्यावी लागते. जागा रिकामी नसताना संचालक मंडळाने घेतलेला अतिरिक्त संचालक मात्र पुढच्या वार्षिक सभेपर्यंतच. आपल्या संस्था मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 खाली नोंदलेल्या, त्यांना हे कलम लागू नाही. पण नियमावली दुरुस्त करायला बसाल तेव्हा हा नमुना समोर ठेवण्यासारखा आहे.

गल्लत सगळ्यात महाग पडते ती मतांच्या वेळी. समजा, राजेंद्रनगरातल्या एखाद्या मंडळाची कार्यकारिणी 11 जणांची आहे. दोन जागा रिकाम्या, आणि दोन जणांना नुसतं "स्वीकृत" म्हणून घेतलं. सभागृह भाड्याने द्यायचा ठराव 6 विरुद्ध 5 असा मंजूर झाला. ते दोघे रिक्त जागांवर असतील तर ठराव पक्का. मताविना स्वीकृत असतील आणि दोघांनीही बाजूने मत दिलं असेल, तर तो 4 विरुद्ध 5 असा पडलेला आहे. भाडेकरूशी करार होऊन गेल्यावर हा प्रश्न निघाला तर कोण निस्तरणार?

कोषाध्यक्ष गेले की एकदम दोन गोष्टी रिकाम्या होतात, पद आणि सदस्याची जागा. पद उरलेल्या सदस्यांतल्या कुणाला देता येतं, असं पुष्कळ नियमावल्या सांगतात. जागा तरीही भरायची राहतेच.

आणि इतके जण गेले की गणसंख्याच भरत नाही, तर उरलेल्यांनी आपसांत नावं ठरवू नयेत, आमसभा बोलवावी. विषयपत्रिकेत तो विषय आधी छापलेला हवा. "आयत्या वेळचे विषय" यात निवड उरकणं मला सभासदांवर अन्याय वाटतो. जे त्या दिवशी आले नाहीत त्यांना आपल्या जागेबद्दल कळलंच नाही.

वार्षिक आमसभेनंतर 45 दिवसांत 1973 च्या त्या अधिनियमाच्या धारा 27 खाली कार्यकारिणीची यादी पंजीयकाकडे, म्हणजे रजिस्ट्रारकडे, द्यावी लागते. ती भरताना अडायचं नसेल तर ठराव असा लिहा: "श्री. अमुक यांच्या राजीनाम्याने रिक्त झालेल्या जागेवर, नियमावलीच्या अमुक कलमान्वये, श्रीमती तमुक यांची चालू कार्यकारिणीच्या मुदतीअखेरपर्यंत निवड करण्यात येत आहे. सूचक, अनुमोदक." स्वीकृत सदस्याच्या ठरावात कुणाच्या राजीनाम्याचा उल्लेख नको. तिथे कलम, कारण, मुदत आणि "मताधिकारासह" किंवा "मताधिकाराविना" हे स्पष्ट लिहा.