लांब उडीत ४५ अंश का चालत नाहीत?

अकरावीच्या भौतिकशास्त्रात आपण शिकतो की वस्तू ४५ अंशांच्या कोनात फेकली तर ती सर्वांत लांब जाते. मग लांब उडीतले अव्वल खेळाडू उडी घ्यायच्या फळीवरून जेमतेम १८ ते २२ अंशांतच का उडतात? सूत्र चुकीचं नाही. फक्त त्यात वेग ठरलेला आणि कोन आपल्या मर्जीचा, असं गृहीत धरलेलं असतं. तोफेचं ते जमतं, माणसाच्या पायाचं नाही.

आकडे घालून बघू. आठ मीटर उडणारा खेळाडू सेकंदाला दहा मीटरहून थोड्या जास्त वेगाने फळीवर येतो. फळी सोडताना त्याचा आडवा वेग साधारण ८.८ आणि उभा ३.३ मीटर प्रतिसेकंद असतो. म्हणजे एकूण वेग ९.४ आणि कोन सुमारे २०.५ अंश. शरीराचा गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू) उडताना १.२ मीटर उंचीवर आणि वाळूला टाचा लागताना ०.६ मीटरवर धरला, तर हवेतला वेळ येतो ०.८२ सेकंद आणि त्या वेळात कापलेलं अंतर ७.२४ मीटर. फळी सोडताना गुरुत्वमध्य पावलाच्या ३५ सेंटिमीटर पुढे असतो, उतरताना टाचा त्याच्याही ५० सेंटिमीटर पुढे असतात. बेरीज ८.१ मीटर. हवेचा अवरोध त्यातले थोडे सेंटिमीटर खातो.

याच ९.४ च्या वेगाने ४५ अंशांत उडायचं तर उभा वेग ६.६५ लागेल आणि गुरुत्वमध्य सव्वादोन मीटर वर जाईल. जगातल्या उत्तम उंच उडीपटूंचा उभा वेगही साडेचारच्या आसपासच थांबतो. तेवढा मिळाला आणि हट्टाने ४५ अंश ठेवले, तर आडवा वेगही साडेचारच राहील. उडी भरेल साधारण साडेपाच मीटर. एवढी तर शाळेतली चांगली मुलंही मारतात!

खरा खेळ फळीवरच्या ०.१२ सेकंदात होतो. ७० किलोच्या खेळाडूला तेवढ्या वेळात ३.३ चा उभा वेग मिळवायला सरासरी २६०० न्यूटन बल लागतं, म्हणजे वजनाच्या जवळपास चौपट, आणि तेही एका पायावर. त्याची तयारी शेवटून दुसऱ्या पावलात होते. ते पाऊल लांब पडतं, कंबर खाली जाते. शेवटचं पाऊल आखूड आणि झटपट. पाय शरीराच्या थोडा पुढे, जवळजवळ सरळ टेकतो आणि रोवलेल्या काठीवरून जावं तसं शरीर त्याच्यावरून वर उचललं जातं. या रोवण्यात आडवा वेग सव्वा ते दीड मीटर प्रतिसेकंदाने घटतो. ही उभ्या वेगाची किंमत.

किंमत द्यावी का? वरच्या हिशोबात उभा वेग ०.१ ने वाढला तर उडी १५ सेंटिमीटरने वाढते, आडवा तेवढाच वाढला तर फक्त ८. पण पाय जास्त पुढे रोवला की ब्रेक लागतो आणि गुडघा वाकला की मिळवलेली उंचीही जाते. शेवटचं पाऊल ताणून फळी गाठायचा प्रयत्न केला की नेमकं हेच होतं. फळीकडे बघत पावलं आखूड करणाऱ्याचा वेग तर आधीच गेलेला असतो. उपाय सोपा आहे: पाय फळीच्या पुढच्या रेषेच्या १० सेंटिमीटर पुढे पडत असेल तर धाव सुरू करायची खूण १० सेंटिमीटर मागे घ्या आणि नजर वर ठेवा. समोरून वारा असेल तर पावलं आखूड पडतात, मग खूण पुढे.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर १९६८ ची मेक्सिको सिटीतली अमेरिकन खेळाडू बॉब बीमनची ८.९० मीटरची उडी. पाठीमागून वारा नेमका २.० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे विक्रमासाठी चालणारी कमाल मर्यादा, आणि शहर समुद्रसपाटीपासून २२४० मीटरवर. तिथलं गुरुत्व किंचित कमी आहे, पण त्याने सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच मिळतात. विरळ हवेचा फायदा त्याहून मोठा असला तरी आधीच्या ८.३५ च्या विक्रमापुढे ५५ सेंटिमीटर जायला तो पुरत नाही. माइक पॉवेलने १९९१ मध्ये टोकियोत ८.९५ मीटर गाठले तेव्हा वारा अवघा ०.३ होता.

एकदा फळी सुटली की गुरुत्वमध्याचा मार्ग ठरला. हवेत हातपाय कितीही मारले तरी तो बदलत नाही. मग हवेत चालल्यासारखे पाय का मारतात? फळीवर पाय अडतो आणि धड पुढे गिरकी घेऊ लागतं. ती गिरकी हातापायांच्या फिरण्यात घेतली नाही तर खेळाडू तोंडावर झुकतो आणि टाचा वेळेआधी वाळूत रुततात. उतरताना शरीर मीटरभर पुढे जाताना ५४ सेंटिमीटर खाली येत असतं, त्यामुळे टाचा १० सेंटिमीटर खाली लोंबल्या तरी १८ सेंटिमीटर गेले. आणि मागे हात टेकला, तर मोजणी त्या हाताच्या खुणेपासून.