अंघोळीच्या वेळचे गाणे

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या व्यक्तीची देखभाल करणाऱ्यांची खरी कसोटी बहुतेकदा अंघोळीच्या आणि कपडे बदलण्याच्या वेळी लागते. ‘हात वर करा, आता दुसरा, अहो तो नाही, हा’ अशी एक सूचना समजून घेऊन त्याप्रमाणे हात हलवेपर्यंत पुढची सूचना येऊन थडकते, आणि गोंधळलेली व्यक्ती शेवटी हात झटकते, ओरडते किंवा सदऱ्याची बाही घट्ट धरून बसते. घरचे याला हट्ट म्हणतात. पण बहुतेक वेळा ती न समजलेल्या शब्दांची भीती असते.

स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास नेमक्या या सकाळच्या वेळेवर होता. रुग्णांना तयार करण्याचे काम त्यांनी तीन प्रकारे चित्रित केले: नेहमीसारखे, पार्श्वभूमीला संगीत लावून आणि देखभाल करणाऱ्यांनी स्वतः गाऊन. नेहमीच्या पद्धतीत कर्मचारी सतत सूचना देत होते आणि रुग्ण गोंधळत होते. गाणे सुरू असताना मात्र सूचना कमी झाल्या, तरीही पुढे काय करायचे हे रुग्णांना अधिक चांगले उमगत होते. अभ्यासातले रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे त्यावरून मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत. पण कमी बोलून जास्त समजते, हे निरीक्षण अशा घरांतील लोकांनी पडताळून पाहण्यासारखे आहे.

बोलणे हरवत चाललेल्या माणसाला जुने गाणे कसे आठवते, याचा एक धागा जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेच्या २०१५ मधील संशोधनात सापडतो. तिथे ३२ निरोगी तरुणांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात गाणी ऐकवून, फार पूर्वीपासून ओळखीच्या गाण्यांची स्मृती मेंदूच्या कोणत्या भागांशी निगडित आहे हे शोधण्यात आले. त्यातला एक महत्त्वाचा भाग हालचालींच्या नियोजनाशी संबंधित आहे. अल्झायमर या डिमेन्शियाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराच्या रुग्णांच्या मेंदूत या भागांची झीज इतर भागांच्या मानाने बरीच कमी आढळली, जरी या आजारात मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाचा साठा तिथेही फारसा कमी नव्हता. खुद्द रुग्णांना मात्र यंत्रात गाणी ऐकवलेली नव्हती, त्यामुळे हे स्पष्टीकरण पटण्याजोगे असले तरी पुरते सिद्ध झालेले नाही.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रफितींत गाणे ऐकताच आजी ‘परत येते’, ते पाहून डोळे पाणावतात; परंतु संगीताने हा आजार बरा होत नाही. कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा संगीतोपचाराने नैराश्याची लक्षणे बहुधा कमी होतात असे दिसले, तर चिडचिड आणि आक्रमकपणा यांवर फारसा परिणाम आढळला नाही. फिनलंडमध्ये रुग्ण आणि त्यांची देखभाल करणारे अशा ८९ जोड्यांवर झालेल्या अभ्यासाचा एक निष्कर्ष मला विशेष मोलाचा वाटतो: १० आठवड्यांच्या गायनवर्गांनी रुग्णांबरोबरच सांभाळणाऱ्यांनाही आधार दिला. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे आणि त्यांचा भार मुख्यतः घरच्यांवरच असतो, हे लक्षात घेता ही गोष्ट लहान नाही.

गाणे निवडताना आपली आवड बाजूला ठेवावी. दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यान मनात रुजलेली गाणी सहसा अधिक टिकतात. म्हणून कुणासाठी ते रेडिओवरचे भावगीत असेल, कुणासाठी गणपतीची आरती, हरिपाठ किंवा जात्यावरची ओवी. आवाज बेसूर असला तरी चालतो, लय मात्र संथ हवी. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचे यंत्र अंघोळीपूर्वी काढावे लागते, तेव्हा गाणे खोलीतच सुरू करून मग न्हाणीघराकडे जावे. दिवसभर टीव्ही चालू ठेवणे म्हणजे संगीतोपचार नव्हे. त्या कलकलाटाने गोंधळ वाढू शकतो. एखाद्या गाण्याला दुःखाची आठवण चिकटलेली असते, त्यामुळे चेहरा पडला किंवा श्वास जलद झाला तर ते तिथेच थांबवून दुसरे घ्यावे आणि त्रास देणारे गाणे कोणते ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी दुसरे कुणी नेमके तेच सुरू करणार नाही.