सन्मानफलकावरची शिक्षकेतर नावे

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन परिसरात, नेवाडा स्ट्रीटवर, आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांचे सांस्कृतिक केंद्र आहे. केंद्राला नाव दिले आहे ब्रूस डी. नेस्बिट यांचे. कोण हे नेस्बिट? बड्या देणगीदाराचे नाव असेल असे वाटते, कारण अमेरिकी विद्यापीठांत इमारतींना नावे बहुधा तशीच पडतात. पण नेस्बिट या केंद्राचे संचालक होते. १९७४ ते १९९६ अशी बावीस वर्षे त्यांनी ते चालवले. आपल्याकडच्या विद्यापीठीय भाषेत सांगायचे तर शिक्षकेतर कर्मचारी. केंद्राला त्यांचे नाव मिळाले २००४ मध्ये, म्हणजे ते पद सोडून आठ वर्षे झाल्यावर.

कृष्णवर्णीय समाजासाठी आणि समावेशासाठी झटणाऱ्या कर्मचाऱ्याचा गौरव ही आज तिकडच्या विद्यापीठांत दरवर्षीची गोष्ट झाली आहे. पुरस्कार, व्याख्यानमाला, क्वचित इमारत. मात्र ज्या पदावर बसून ही माणसे काम करतात ते पद विद्यापीठांनी आपणहून निर्माण केलेले नाही. ते विद्यार्थ्यांच्या मागण्यांच्या यादीतून आले, आणि त्याची वर्षे १९६८ ते १९७० ही आहेत.

त्याआधी कायद्याची चौकट तयार झाली होती. १९६४ चा नागरी हक्क कायदा, नंतर १९६५ चा उच्च शिक्षण कायदा आणि त्यासोबत गरीब घरांतील मुलांना कॉलेजपर्यंत आणणाऱ्या केंद्र सरकारच्या योजना. दार उघडले, तरी आत येणारे कमीच. मोठ्या सरकारी विद्यापीठांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण साठच्या दशकाच्या मध्यावर एक टक्क्याच्या आसपास रेंगाळत होते. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि विद्यार्थी संघटनांचा धीर सुटला. ३ मे रोजी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्यांनी फी भरण्याचे कार्यालय ताब्यात घेतले आणि ३८ तासांनी, लेखी करार हातात पडल्यावर, सोडले. कार्यालयाची निवड बरोबर होती. विद्यापीठाचा पैसा त्याच खिडकीतून आत येतो.

२० मे रोजी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ब्लॅक स्टुडंट युनियनचे विद्यार्थी थेट अध्यक्ष चार्ल्स ओडगार्ड यांच्या दालनात शिरले. आत प्राध्यापक सभेच्या कार्यकारी समितीची बैठक चालू होती. काही तासांत मागण्या तत्त्वतः मान्य झाल्या. त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने याच विद्यार्थ्यांना पगार देऊन राज्यभर पाठवले: गावोगावी फिरा, मुले शोधून आणा. पुढे १९७० मध्ये त्या कामासाठी स्वतंत्र अल्पसंख्याक कार्यालय उभे राहिले आणि त्याच्या प्रमुखपदी आले सॅम्युएल ई. केली, लष्करातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे पद उपाध्यक्षाचे होते. हा तपशील किरकोळ वाटतो, पण नाही. विद्यार्थी कल्याण विभागातल्या एखाद्या सहायकाकडे हे काम दिले असते, तर प्रत्येक खर्चाची फाइल तीन टेबलांवर थांबली असती. उपाध्यक्ष थेट अध्यक्षांशी बोलतो आणि अंदाजपत्रकाच्या बैठकीत त्याला खुर्ची असते. सिएटलच्या सांस्कृतिक केंद्राला आज केली यांचेच नाव आहे.

घाई केली की काय होते, हे मात्र इलिनॉयने दाखवले. विद्यापीठाने किंग यांच्या हत्येनंतर जाहीर केले की येत्या शरद ऋतूत पाचशे वंचित विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ. त्यावरून नाव पडले ‘प्रोजेक्ट ५००’. मुले शोधण्याचे काम बरेचसे कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेच्या अंगावर पडले, आणि त्यांनी ते इतके चोख केले की ५६५ जण दाखल झाले. कार्यक्रमाचे संचालक म्हणून डेट्रॉइटहून क्लॅरन्स शेली यांना आणले. ते रुजू झाले जुलैमध्ये; मुले येणार होती सप्टेंबरच्या सुरुवातीला. दोन महिने!

प्रवेशाचे अमेरिकी पंचांग ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या लक्षात येईल की इथे गाडी उलटी जुंपली होती. एरवी अर्ज हिवाळ्यात येतात, वसंतात प्रवेश ठरतात, त्यानंतर पालकांच्या उत्पन्नाची कागदपत्रे तपासून आर्थिक मदतीचे पत्र निघते आणि शेवटी वसतिगृहाची खोली मिळते. प्रोजेक्ट ५०० मध्ये हे चारही टप्पे एकाच उन्हाळ्यात कोंबले गेले. मुले परिचय सप्ताहासाठी लवकर आली तेव्हा त्यांना इलिनॉय स्ट्रीटवरच्या तुलनेने नव्या वसतिगृहात उतरवले. मग कायमच्या खोल्यांचे वाटप झाले. चांगल्या खोल्या आधीच इतरांना गेलेल्या, त्यामुळे अनेकांच्या वाट्याला आलेल्या जागा पहिल्या आठवड्यातल्या जागेपुढे फिक्या होत्या. मदतीच्या रकमेचेही तेच: घरी तोंडी सांगितलेला आकडा आणि हातात पडलेल्या पत्रातला आकडा जुळेना.

९ सप्टेंबरच्या रात्री मुले इलिनी युनियन या विद्यार्थी भवनात जमली आणि भवन बंद व्हायची वेळ झाली तरी हलली नाहीत. पहाटेच्या सुमाराला पोलिसांनी अडीचशेच्या आसपास विद्यार्थ्यांना अटक केली. वर्ग सुरू व्हायचे होते. काहींची तर पुस्तकेही घेऊन झाली नव्हती. शिकागोच्या वर्तमानपत्रांत बातमी ‘दंगल’ म्हणून गेली आणि राज्याच्या विधिमंडळात करदात्यांच्या पैशाचा हिशेब विचारला जाऊ लागला. मुळात भांडण खोल्यांचे आणि मदतीच्या पत्रांचे होते. कार्यक्रम गुंडाळला गेला नाही याचे श्रेय बऱ्याच अंशी शेली आणि त्यांच्यासारख्या मधल्या फळीतल्या माणसांना जाते. १९६९ मध्ये सांस्कृतिक केंद्र सुरू झाले. नेस्बिट तिथे आले त्याच्या पाच वर्षांनंतर.

अशा केंद्राच्या संचालकाचे काम म्हणजे नेमके काय, हे पदाच्या नावावरून कळत नाही. कागदावर असतात कार्यक्रम: नृत्य, गायन, व्याख्याने, वार्तापत्र. प्रत्यक्षात दिवस जातो तो दुसऱ्याच गोष्टींत. फी थकल्यामुळे पुढच्या सत्राची नोंदणी अडते. ती मोकळी करून घेण्यासाठी लेखा विभागाला फोन. कोणाचे गुण घसरून शैक्षणिक ताकीद आली, तर अपिलाची मुदत संपण्याआधी अर्ज लिहून घेणे. सुटीत वसतिगृह बंद होते आणि घरी जायला भाडे नसते, अशा मुलाची सोय. परिसर पोलिसांनी ओळखपत्र मागून ताटकळत ठेवले, तर रात्री जाऊन उभे राहणे. यातले कुठलेच काम वार्षिक अहवालाच्या रकान्यात बसत नाही, आणि मूल टिकते की परत जाते ते बहुतेकदा इथेच ठरते.

मानसशास्त्रज्ञ अमाडो पडिया यांनी १९९४ मध्ये अशा न मोजलेल्या कामाला ‘सांस्कृतिक कर’ हा शब्द दिला. त्यांचा रोख प्राध्यापकांकडे होता: विविधतेची प्रत्येक समिती, प्रत्येक पाहुणा, प्रत्येक तंटा त्याच दोन-चार माणसांकडे येतो आणि बढतीच्या वेळी कोणी त्याचा विचार करत नाही. शिक्षकेतरांना हा कर जास्त जाचतो. प्राध्यापकाला निदान कायमपदाचे कवच मिळू शकते. संचालकाची नोकरी बहुतेक ठिकाणी व्यवस्थापनाच्या मर्जीवर किंवा वर्षावर्षाच्या करारावर चालते आणि अनेक योजनांचा पैसा ठरावीक मुदतीच्या अनुदानातून येतो.

म्हणून गौरव समारंभाकडे थोडे संशयाने पाहणारेही आहेत. पगारवाढ आणि दोन मदतनीस देण्यापेक्षा काचेचे मानचिन्ह स्वस्त पडते, हा त्यांचा टोमणा. टोमण्यात तथ्य आहे. तरीही पुरस्काराने एक काम होते: न नोंदलेले श्रम पहिल्यांदा कागदावर येतात.

या पुरस्कारांचे वेळापत्रक दोन तारखांभोवती फिरते. एक म्हणजे किंग यांच्या स्मृतीची सरकारी सुटी. कायदा १९८३ चा, अंमल १९८६ पासून, जानेवारीचा तिसरा सोमवार. दुसरा फेब्रुवारी. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये फेब्रुवारीतला एक आठवडा कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी ठेवला. ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९७० मध्ये त्याचा महिना करून दाखवला आणि १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला देशपातळीवर मान्यता दिली. म्हणजे पुरस्काराचे निमित्तही अंशतः विद्यार्थ्यांनीच घडवलेले.

नामांकनात साधारणपणे एक मुख्य शिफारसपत्र, दोन-तीन पूरक पत्रे आणि उमेदवाराचा कार्यपरिचय लागतो. पत्रे फसतात ती विशेषणांमुळे. ‘तळमळीचे, सर्वांना सामावून घेणारे, प्रेरणादायी’ अशा पत्रांचा गठ्ठाच समितीपुढे असतो आणि त्यांत फरक करता येत नाही. मोजता येईल असे काही हवे: पहिल्या वर्षातून दुसऱ्या वर्षात किती टक्के मुले गेली, आणि सहा वर्षांत पदवी किती जणांना मिळाली. १९९० च्या केंद्रीय कायद्यामुळे पदवीचे आकडे जाहीर करणे विद्यापीठांवर बंधनकारक आहे, तेव्हा ते मिळतातही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सगळी पत्रे वरिष्ठांची. ज्या माजी विद्यार्थ्याची नोंदणी त्या वर्षी मोकळी करून दिली होती, त्याने तारखेसह लिहिलेली एक परिच्छेदभर हकिकत अधिष्ठात्याच्या दोन पानांना भारी पडते. आणि एखादा नियम बदलला असेल, तर आधीचा नियम काय होता तेही लिहावे लागते. नाहीतर बदल कळतच नाही.

मागण्यांच्या यादीत शिक्षकेतरांची मोजणी स्पष्टपणे आली ती बरीच नंतर. २०१५ मध्ये मिसुरी विद्यापीठातील ‘कन्सर्न्ड स्टुडंट १९५०’ या गटाने मागितले की २०१७-१८ पर्यंत कृष्णवर्णीय प्राध्यापक आणि कर्मचारी दोन्हींचे प्रमाण दहा टक्के व्हावे. १९५० हे त्या विद्यापीठाने पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतल्याचे वर्ष. नोव्हेंबरात विद्यापीठ प्रणालीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. दहा टक्के हा आकडा नवा नव्हता: मिशिगन विद्यापीठात १९७० च्या संपात विद्यार्थ्यांच्या प्रवेशासाठी हेच लक्ष्य मान्य करून घेतले होते, १९७३ ची मुदत घालून. ते गाठले गेले नाही.

नावासाठी एवढा आटापिटा का, हे मराठी वाचकाला सांगावे लागू नये. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली साडेपंधरा वर्षे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. जोतीराव फुल्यांनी तर १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिकाच गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांच्या नावे लिहिली होती, तर दलित पँथरने १९७२ मध्ये नावच तिकडच्या ब्लॅक पँथरकडून उचलले.

गेल्या काही वर्षांत वारे फिरले आहे. २०२३ मध्ये टेक्सासने सरकारी विद्यापीठांतील विविधता कार्यालयांवर बंदी घालणारा कायदा केला. अंमल १ जानेवारी २०२४ पासून. मे २०२४ मध्ये टेक्सास विद्यापीठ प्रणालीच्या प्रमुखांनी विधिमंडळ समितीला सांगितले की २१ कार्यालये बंद झाली आणि पूर्णवेळ-अर्धवेळ मिळून ३११ पदे गेली. युटा राज्यात असाच कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि युटा विद्यापीठाचे जेमतेम पाच वर्षांचे ब्लॅक कल्चरल सेंटर बंद पडले. टेक्सासच्या कायद्यातली सवलतींची यादी वाचण्यासारखी आहे. वर्गातील अध्यापनाला सूट, संशोधनाला सूट, विद्यार्थी संघटनांच्या कार्यक्रमांना सूट. प्राध्यापक वाचले, विद्यार्थी वाचले. नोंदणी मोकळी करून देणाऱ्या टेबलाचा त्या यादीत उल्लेख नाही.